दोन इंटरनेट लाइनी जोडून एक करता येते का?

सुरुबन

नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यात समुद्राच्या बाजूच्या एका गावात राहतो आणि पुण्यातल्या कंपनीचं काम इथूनच करतो. बायको दहावीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवते. दिवसभर माझे कॉल आणि संध्याकाळी तिचे वर्ग, त्यामुळे नेट गेलं की घरातलं दोघांचंही काम बंद.

सध्या दोन कनेक्शन आहेत. एक गावातल्या केबलवाल्याचं फायबर, १०० एमबीपीएस. दुसरा ४जी राउटर, माळ्यावरच्या खिडकीत ठेवला की २० ते २५ मिळतं. फायबर उन्हाळ्यात झकास चालतं, पण एकदा मृग लागला की काही खरं नाही, कुठे फांदी पडते, कुठे खांब कलतो, कुठे रस्त्याचं काम चालू असतं आणि जेसीबीच्या तोंडी वायर येते. मग धावत माळ्यावर जा, लॅपटॉप दुसऱ्या वायफायला जोडा, तोवर कॉलवरची माणसं हॅलो हॅलो करून निघून गेलेली. वर्गात तर सगळी मुलं एकदम बाहेर पडतात, परत जमेपर्यंत चालू गणिताचा धागा तुटलेला असतो आणि परीक्षा जवळ आली की ते फार लागतं.

प्रश्न असे की दोन्ही मिळून १२५ च्या आसपासची एकच लाइन होते का, आणि ते नाही जमलं तरी एक गेली की दुसरी आपोआप, कॉल न तुटता, लागू शकते का? लॅपटॉपला फायबरची केबल आणि ४जीचं वायफाय दोन्ही एकदम लावून बघितलं, स्पीड टेस्टला फक्त फायबरचाच आकडा येतो. यूट्यूबवर कुणी म्हणतं लोड बॅलन्सिंग करा, कुणी म्हणतं बाँडिंग करा. प्रत्यक्ष वापरणाऱ्यांनी सांगावं, खर्चाची तयारी आहे पण तो कशावर करायचा ते कळू दे.

पॅकेटवाला

सुरुबन, तुमच्या मागणीत तीन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्यात. बाजारात तिन्ही जवळपास एकाच नावाने विकल्या जातात म्हणून गोंधळ होतो, नीट सोडवून सांगतो.

पहिलं, लॅपटॉपवर एकच आकडा का दिसला. विंडोजमध्ये प्रत्येक नेटवर्क जोडणीला एक मेट्रिक, म्हणजे पसंतीचा क्रमांक, असतो, ज्याचा मेट्रिक कमी तिकडून सगळं बाहेर जातं. केबलचा कमी, वायफायचा जास्त. दुसरी जोडणी नुसती बसून राहते.

आता लोड बॅलन्सिंग. यात राउटरला दोन वॅन, म्हणजे बाहेरच्या इंटरनेट लाइनी जोडायच्या जागा, असतात आणि तो प्रत्येक नवं कनेक्शन कुठल्या तरी एका लाइनवर टाकतो. लग्नाच्या वऱ्हाडाला दोन एसट्या केल्या की वऱ्हाड लवकर पोचतं, पण एक माणूस काही अर्धा या गाडीत आणि अर्धा त्या गाडीत बसत नाही, तसंच. वऱ्हाड मोठं असेल, म्हणजे घरात चार मोबाइल, टीव्ही, दोन लॅपटॉप असतील, तर दोन्ही लाइनी वापरल्या जातात. पण तुमचा एक कॉल किंवा एक फाइल ज्या लाइनवर चढली त्याच लाइनच्या स्पीडने जाणार. कारण साधं आहे, दोन्ही लाइनींचा बाहेरचा आयपी पत्ता वेगळा, समोरच्या सर्व्हरने एका पत्त्याशी बोलणं सुरू केलेलं असतं, मधेच निम्मी पॅकेटं, म्हणजे डेटाचे तुकडे, दुसऱ्याच पत्त्यावरून आली तर ती त्याच्या लेखी अनोळखी, तो टाकून देतो.

दुसरा प्रकार फेलओव्हर. यात स्पीड वाढवायचा विचारच नाही, मुख्य लाइन गेली की सगळं दुसरीवर. तुमचा जो खरा त्रास आहे त्याला हे ९० टक्के पुरतं.

तिसरं बाँडिंग, जिथे एकच कनेक्शन खरोखर फोडून दोन्ही लाइनींवरून पाठवतात. त्याला पलीकडे एक सर्व्हर लागतोच, जो तुकडे परत जोडेल. पलीकडे कुणी जोडणारं नसेल तर नुसत्या घरातल्या राउटरने बाँडिंग होत नाही, बॉक्सवर काहीही लिहिलेलं असो.

माझं मत आधीच सांगतो, तुम्हाला १२५ ची गरज नाही. एचडी व्हिडिओ कॉलला ३ ते ४ एमबीपीएस लागतात. तुम्हाला न जाणारी लाइन हवी आहे. सगळं नियोजन त्या हिशेबाने करा.

मीठभाकर

पण माझ्या मित्राकडे दोन लाइनी लोड बॅलन्सवर आहेत आणि त्याला स्पीड टेस्टमध्ये चक्क बेरीज दिसते. मग ते कसं काय?

पॅकेटवाला

कारण स्पीड टेस्टवाले बहुतेक एकदम अनेक कनेक्शन उघडतात, ती दोन्हीकडे वाटली जातात आणि शेवटी बेरीज दिसते. टॉरेंटचं तेच, अनेक तुकड्यांत फाइल ओढणाऱ्या डाउनलोड मॅनेजरचं तेच. त्याच टेस्टमध्ये सिंगल कनेक्शनचा पर्याय निवडायला सांगा मित्राला, लगेच एका लाइनचा आकडा येईल. यात फसवणूक काही नाही, पण त्या आकड्यावर जाऊन "माझा कॉल आता दुप्पट चांगला होणार" असं समजू नये.

खाडीपलीकडे

बाँडिंगबद्दल थोडं सविस्तर लिहितो, मी ते वापरतो.

मुंबईच्या डेटा सेंटरमधला एक छोटा व्हीपीएस, म्हणजे आभासी सर्व्हर, भाड्याने घ्यायचा. मुंबईतलाच घ्या, परदेशातला स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका, तुमचं प्रत्येक पॅकेट आधी तिथे जाऊन मग पुढे जाणार असतं, सिंगापूरला वळसा घालून कॉल केलात तर उशीर जाणवणारच. घरी ओपनएमपीटीसीपीराउटर हे सॉफ्टवेअर टाकलेला छोटा कॉम्प्युटर किंवा रास्पबेरी पाय, व्हीपीएसवर त्याचाच दुसरा भाग. दोन्ही लाइनींवरून डेटा व्हीपीएसला जातो, तिथे जोडला जाऊन एकाच पत्त्याने बाहेर पडतो. यामागे मल्टिपाथ टीसीपी आहे. टीसीपी म्हणजे पॅकेटं क्रमाने पोचवायची इंटरनेटची पद्धत, आणि मल्टिपाथ म्हणजे एकाच टीसीपी कनेक्शनचे अनेक रस्ते. २०१३ मध्ये त्याचं पहिलं आरएफसी, म्हणजे इंटरनेटच्या पद्धती मांडणारा तांत्रिक दस्तऐवज, आलं, त्याच वर्षी अ‍ॅपलने आयओएस ७ मध्ये सिरीसाठी ते वापरलं, कारण चालताचालता वायफायची रेंज सुटली तरी बोलणं मोबाइल डेटावर चालू राहायला हवं होतं. लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये ते २०२० साली ५.६ पासून यायला लागलं.

आता याची दुसरी बाजू, जी व्हिडिओवाले सांगत नाहीत. तुमच्या फायबरचा पिंग, म्हणजे पॅकेट जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ, समजा १० मिलिसेकंद आहे आणि ४जीचा ६०, आणि तोही स्थिर नाही, पावसात दीडशेवर जातो. एकाच फाइलची पॅकेटं दोन्हीवरून सोडली की फायबरवरची आधी पोचतात आणि ४जीवरची यायची वाट बघत बफरमध्ये बसतात. म्हणजे चांगली लाइन वाईट लाइनसाठी थांबते. साध्या टीसीपीला तर पॅकेटं उलटसुलट क्रमाने आली की वाटतं हरवलीच, तो आपणहून स्पीड कमी करतो. त्यामुळे १०० अधिक २५ म्हणजे १२५ कागदावर, प्रत्यक्षात कधी ११०, आणि ४जी फारच डचमळत असेल तर नुसत्या फायबरपेक्षाही कमी. दोन साधारण सारख्या लाइनी असतील तर मात्र बाँडिंग खरंच सुंदर चालतं, माझ्याकडे ५०-५० च्या दोन आहेत आणि एका फाइलला नव्वदच्या घरात मिळतं.

अजून एक, टीव्हीवरचे काही ओटीटी व्हीपीएसचा पत्ता बघून चालायचं नाकारतात. ते व्हीपीएसला वळसा घालून थेट सोडावे लागतात.

जुनी_तार

मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला माणूस. या चर्चेत एक गोष्ट अजून कुणी विचारली नाही, ती विचारतो. सुरुबन, तुमच्या दोन लाइनी कुठून कुठे जातात ते तुम्ही पाहिलंय का?

लाइनी जोडायची कल्पना नवी नाही. नव्वदच्या दशकात आयएसडीएन या डिजिटल फोनसेवेच्या एका बीआरआय, म्हणजे साध्या, लाइनमध्ये ६४ केबीपीएसचे दोन चॅनल यायचे, ते मल्टिलिंक पीपीपी या पद्धतीने जोडून १२८ करायचे. त्याचं आरएफसी १९९० हे १९९६ सालचं. तेव्हा गिऱ्हाईक खूश व्हायचं आणि महिनाअखेर बिलही दोन कॉलचं यायचं. पण त्या दोन्ही चॅनलची तांब्याची जोडी एकच होती. ती तुटली की १२८ ही गेलं आणि ६४ ही गेलं. स्पीडसाठी ठीक, भरवशासाठी शून्य उपयोग.

मोठ्या पातळीवर हेच ३० जानेवारी २००८ ला झालं. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रात सी-मी-वी ४ आणि फ्लॅग अशा दोन केबल तुटल्या. मालक वेगळे, नावं वेगळी, करार वेगळे, पण जायच्या जवळपास एकाच पट्ट्यातून. भारतापासून आखातापर्यंत इंटरनेट कित्येक दिवस रखडत चाललं. ज्यांनी कागदावर दोन पुरवठादार घेतले होते त्यातल्या बऱ्याच जणांची दोन्ही कनेक्शनं त्याच समुद्रातून जात होती.

म्हणून राउटर घ्यायच्या आधी एक काम करा. पाऊस उघडला की घरापासून निघा आणि फायबर कुठल्या खांबावरून, कुठल्या पेटीत, कुणाच्या पडवीत जातं ते चालत जाऊन बघा. तसंच तुमच्या सिमचा टॉवर कुठला ते शोधा आणि त्या टॉवरला जोडणी कशी आलीय ते विचारा. टॉवरवर दोनतीन कंपन्यांचे अँटेना असतात पण खालचा वीजपुरवठा आणि डिझेल जनरेटर बहुधा एकच असतो. दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं घेतली आणि टॉवर एकच निघाला तर तुम्ही एकाच फांदीवर दोन झोके बांधलेत.

हिशेबनीस

मी कोल्हापुरात कर सल्लागार आहे, ऑफिसात दोन ब्रॉडबँड लोड बॅलन्सवर आहेत. एक गोष्ट सांगायलाच हवी, बँकेच्या आणि सरकारी पोर्टलवर लॉगिन केलं की मधेच बाहेर फेकलं जायचं, फॉर्म अर्धा भरलेला असताना. आमच्या मुलांना वाटायचं साइटच खराब आहे. मग नेटवर्कवाल्या मुलाने शोधलं की लॉगिन एका लाइनवरून होतंय आणि पुढचं पान दुसऱ्या लाइनवरून मागितलं जातंय, साइटला एकाच सेशनमध्ये दोन आयपी दिसतात आणि सुरक्षेसाठी ती सेशन बंद करते. त्याने काहीतरी स्टिकी असं सेटिंग केलं तेव्हापासून शांत आहे. रिटर्नच्या शेवटच्या तारखेला हे होणं किती जिवावर येतं ते ज्याने भोगलंय त्यालाच माहीत, म्हणून लिहिलं.

पॅकेटवाला

हिशेबनीस ताई, अगदी बरोबर. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या सॉफ्टवेअरमध्ये एमवॅन३ हा अनेक लाइनी सांभाळणारा भाग आहे, त्यात ४४३ पोर्टसाठी, म्हणजे सुरक्षित साइटांसाठी, स्टिकी नियम असतो, एका कॉम्प्युटरचं एका साइटशी चाललेलं काम ठरावीक वेळ, साधारण ६०० सेकंद, त्याच लाइनवर धरून ठेवतो. ज्यांना बँकेचं काम जास्त त्यांनी तर सरळ त्या कॉम्प्युटरला एकच मुख्य लाइन नेमून द्यावी, दुसरी फक्त राखीव.

आणि जुनी_तार काकांचा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवायला हवा. आकड्यात सांगायचं तर समजा प्रत्येक लाइन महिन्यातला २ टक्के वेळ बंद असते, म्हणजे ७२० तासांत साधारण १४ तास. दोन्ही लाइनींचं बंद पडणं एकमेकांशी संबंधित नसेल तर दोन्ही एकदम बंद असण्याची शक्यता ०.०४ टक्के, महिन्याला फक्त १७ मिनिटं. १४ तासांवरून १७ मिनिटं, तेही साध्या स्वस्त लाइनींवर! पण हे गणित "संबंध नसेल तर" या तीन शब्दांवर उभं आहे. खांब एक, वीज एक, टॉवरची जोडणी एक असली की ते १७ मिनिटं परत तासांत जातं.

मीठभाकर

मला अजूनही वाटतं की हा सगळा खटाटोप करण्यापेक्षा एक चांगली लीज्ड लाइन, म्हणजे फक्त आपल्यासाठी राखलेली लाइन, घ्यावी, कंपनी लेखी हमी देते, बिघाड झाला की ठरलेल्या तासांत माणूस येतो. दोन लाइनी, व्हीपीएस, राउटर, हे सगळं सांभाळणार कोण? कोकणात राउटर बिघडला तर दुरुस्त करायला पुण्याहून माणूस बोलवायचा का?

खाडीपलीकडे

सांभाळण्याचा मुद्दा मान्य, म्हणूनच बाँडिंग सगळ्यांना सांगत नाही. पण लीज्ड लाइनचं मासिक भाडं घरगुती फायबरच्या कित्येक पट असतं, आणि मुख्य म्हणजे गावात ती देणार कोण? दिली तरी येणार त्याच रस्त्याने त्याच खांबांवरून. हमी म्हणजे बिघाड झाल्यावर भरपाई, बिघाडच होणार नाही असं नव्हे. वर्ग चालू असताना लाइन गेली तर महिन्याच्या बिलातले चार पैसे परत मिळून त्या मुलांना काय उपयोग.

सुरुबन

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांचं ऐकून उघडीप मिळाल्यावर फायबरच्या मागे चालत गेलो, सोबत केबलवाल्याचा मुलगा आला, त्याने सगळं दाखवलं.

घरापासून वायर महावितरणच्या खांबांवरून वाडीच्या तोंडापर्यंत जाते. तिथे एका आंब्याच्या खोडाला काळी पेटी बांधलीय, वरून दुधाच्या पिशव्या गुंडाळून सुतळीने आवळलेल्या, आत फायबरचे सांधे. तिथून पुढे एका दुकानाच्या मागच्या खोलीत स्विच आणि मीडिया कन्व्हर्टर (फायबर साध्या केबलला जोडणारं यंत्र), त्यांना साधा घरगुती इन्व्हर्टर, जो मुलाच्या सांगण्याप्रमाणे दोनेक तास तग धरतो. म्हणजे माझ्याकडे राउटरला बॅकअप असूनही वीज गेल्यावर थोड्या वेळाने नेट का जायचं ते आता समजलं! मी इतके दिवस समजत होतो की फायबर कुठेतरी तुटतंय.

टॉवर डोंगरावर आहे, पलीकडच्या गावाच्या हद्दीत. तिथल्या राखणदाराने सांगितलं की टॉवरची जोडणी डिशने येते, वायरने नाही, आणि जनरेटर आहे. म्हणजे माझ्या दोन लाइनींचे रस्ते वेगळे आहेत असं दिसतंय. हे चांगलं की वाईट?

जुनी_तार

उत्तम! डिश म्हणजे मायक्रोवेव्ह, जेसीबीशी त्याचा संबंध नाही. मुसळधार पावसात त्याला त्रास होऊ शकतो, वादळात डिश हलली तर तोही बंद, पण रोजच्या बिघाडांत दोघं एकदम जाणार नाहीत. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मात्र तुमच्याच भागात खांबही पडले, टॉवरही बंद झाले, वीज तर कित्येक दिवस नव्हती, तशा वेळी कुठलाच राउटर कामाला येत नाही, ते धरून चाला आणि वर्गाच्या पालकांना आधीच सांगून ठेवा.

केबलवाल्याला एक विनंती करा. तो जीपॉन, म्हणजे एक फायबर अनेक घरांत वाटायची पद्धत, लावणार असेल तर मधल्या वाटेत स्प्लिटर बसतात, त्यांना वीज लागत नाही, फक्त त्याच्या ऑफिसला आणि तुमच्या घराला वीज लागते. दुकानातला स्विच मधून निघाला तर तुमचं निम्मं दुखणं जाईल. तोवर त्या दुकानातल्या इन्व्हर्टरला मोठी बॅटरी लावायला वाडीतली चार घरं मिळून वर्गणी काढा, मी सांगतो ते पैसे राउटरवर घातलेल्या पैशांपेक्षा जास्त काम करतील.

फिरतीवर

न्यूज चॅनलसाठी लाइव्ह करतो, म्हणून मोबाइलच्या बाजूचं सांगतो. आमच्या पाठीवर जी बॅग असते तिच्यात वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं आणि तितकेच मोडेम. कॅमेऱ्याचा व्हिडिओ तुकड्यांत फुटून सगळ्यांवरून जातो आणि स्टुडिओतला रिसीव्हर तो जोडतो. पंढरपूरला आषाढीला उभं राहिलं की कळतं, एका कंपनीचं सिम सकाळी चालतं आणि गर्दी वाढली की तेच मरतं, दुसरं थोडं जगतं, बॅग आपोआप ज्याच्यात जीव आहे त्याच्यावर जास्त भार टाकते आणि सगळीच खालावली तर चित्राचा दर्जा कमी करते पण चित्र थांबू देत नाही. त्यासाठी आम्ही मुद्दाम एकदोन सेकंदांचा उशीर ठेवतो, तेवढ्यात मागे राहिलेले तुकडे येऊन पोचतात.

तुम्हाला तो उशीर चालणार नाही, कारण तुम्ही समोरासमोर बोलता. त्यामुळे तुमच्यासाठी दुसरी पद्धत चांगली, काही सॉफ्टवेअरमध्ये असते, तुकडे वाटायचे नाहीत तर प्रत्येक पॅकेट दोन्ही लाइनींवरून पाठवायचं, जे आधी पोचेल ते घ्यायचं, दुसरं टाकून द्यायचं. स्पीड काहीच वाढत नाही, डेटा दुप्पट जातो, पण एक लाइन गेली तरी समोरच्याला कळतसुद्धा नाही. आवाजाच्या कॉलला डेटा लागतो तो किती, दुप्पट झाला तरी काही बिघडत नाही.

आणि एकाच कंपनीची दोन सिमं घेऊन बेरजेची अपेक्षा करू नका. दोन्ही त्याच टॉवरच्या त्याच सेक्टरमधून तोच भाग वाटून घेणार.

दोन_पोर्ट

थोडं वेगळं विचारतो, याच धाग्यात चालेल ना? माझा व्हिडिओ एडिटिंगचा छोटा स्टुडिओ आहे. एनएएसला (नेटवर्कवरच्या सामायिक साठवणीच्या डब्याला) दोन गिगाबिट पोर्ट आहेत, स्विचही मॅनेज्ड आहे, दोन्ही पोर्ट एकत्र वापरायचं एलएसीपी लावलं. तरी एका मशीनवर फाइल कॉपी करताना ११० एमबी प्रति सेकंदच्या वर जात नाही.

पॅकेटवाला

चालेल की, तत्त्व तेच आहे. एलएसीपी, म्हणजे २००० सालचं ८०२.३एडी, आता ८०२.१एएक्स, पॅकेटातले पत्ते बघून कुठल्या तारेने जायचं ते ठरवतं आणि एक कनेक्शन कायम एकाच तारेवर ठेवतं, क्रम बिघडू नये म्हणून. त्यामुळे एका एडिटरला एका गिगाबिटचंच मिळणार, दोन एडिटर एकदम काम करायला लागले तर दोघांना पूर्ण मिळू शकतं, तेही पत्त्यांचं गणित दोघांना वेगवेगळ्या तारेवर टाकेल तर. स्विचमध्ये फक्त मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाचा पत्ता, बघायचं असेल तर आयपी आणि पोर्ट बघायचं करा, वाटणी जास्त चांगली होते.

एका मशीनलाच वेग हवा असेल तर एसएमबी मल्टिचॅनल बघा, विंडोज ८ पासून आहे, तिथे फाइल शेअरिंगच स्वतः अनेक कनेक्शन उघडतं. पण त्यासाठी एलएसीपी काढून दोन्ही पोर्टांना वेगळे आयपी द्यावे लागतात आणि एडिटरच्या मशीनलाही दोन पोर्ट लागतात. मी तुमच्या जागी असतो तर अडीच गिगाबिटची कार्डं आणि स्विच घेतला असता, जुन्या कॅट ५ई केबलवर चालतं, आणि काही जोडाजोड करावी लागत नाही.

सुरुबन

बऱ्याच गोष्टी स्पष्ट झाल्या. आता असं ठरवलंय, बाँडिंग नको, फेलओव्हर हवा, फायबर मुख्य, ४जी राखीव. दुकानातल्या बॅटरीसाठी वाडीत बोलणं झालंय, तिघं तयार आहेत. ओपनडब्ल्यूआरटी चालणारा राउटर मित्राकडून मिळतोय. एमवॅन३ लावताना काय काय बघायचं ते सांगाल का? आणि माझं ऑफिसचं काम वायरगार्डवरून (ऑफिसशी जोडणारा सुरक्षित बोगदा, म्हणजे व्हीपीएन) चालतं, त्याचं काय होईल?

पॅकेटवाला

सगळ्यात महत्त्वाचं, लाइन जिवंत आहे की नाही हे कशावरून ओळखायचं. बरेच जण केबलवाल्याच्या गेटवेला पिंग लावून ठेवतात. तुमच्या बाबतीत पुढची वायर तुटली तरी दुकानातलं यंत्र उत्तर देत राहील आणि राउटरला वाटेल सगळं आलबेल. बाहेरचे पत्ते द्या, १.१.१.१ आणि ८.८.८.८ असे किमान दोन, आणि दोन्ही बंद पडले तरच लाइन गेली असं धरायला सांगा, एखादा पत्ता गप्प बसला म्हणून उगाच उडी नको. दर ५ सेकंदांनी तपासणी आणि ओळीने ३ वेळा उत्तर नाही आलं की बदल, म्हणजे साधारण १५ ते २० सेकंदांत ४जीवर याल. याहून घट्ट केलंत तर पावसात लाइन नुसती चुकली तरी राउटर इकडून तिकडे उड्या मारत बसेल. परत फायबरवर यायला मात्र जास्त वेळ ठेवा, ती नीट स्थिर झाली की मगच.

डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर, केबलवाल्याचा ठेवू नका, त्याचा सर्व्हर ४जीवरून मागितलं तर उत्तर देईलच असं नाही, मग लाइन चालू असून साइट उघडत नाहीत आणि माणूस चक्रावतो. बाहेरचा डीएनएस दोन्हीसाठी.

४जीला रोजची डेटा मर्यादा असेल तर विंडोज अपडेट, फोटोंचा क्लाउड बॅकअप, टीव्ही यांना ४जीवर जायला नियमाने बंदी करा. नाहीतर फायबर दुपारी गेलं आणि संध्याकाळच्या वर्गाआधीच टीव्हीने सगळा डेटा संपवला असं होतं. बायकोच्या लॅपटॉपला आणि तुमच्या लॅपटॉपला परवानगी, बाकीच्यांनी थांबायचं.

दोन्ही राउटर आणि ओएनटी (घरात फायबर ज्याला जोडतात तो डबा) कुठल्या व्होल्टवर चालतात ते मागच्या लेबलवर बघा, बहुतेक १२ चे असतात पण काही ४जी राउटर ५ किंवा ९ चे निघतात, मिनी यूपीएस घ्यायच्या आधी तपासा.

आता वायरगार्ड. यात तुमची चांगली सोय आहे. वायरगार्डला तुमचा बाहेरचा पत्ता बदलला तरी चालतं, नव्या पत्त्यावरून योग्य किल्लीने पॅकेट आलं की पलीकडचा सर्व्हर तिकडे उत्तर द्यायला लागतो. बोगद्याच्या आतला तुमचा आयपी तोच राहतो, त्यामुळे आतलं काम तुटत नाही, फक्त ते १५-२० सेकंद थिजतं. बोगद्याबाहेरचे व्हिडिओ कॉल मात्र एकदा परत जोडणी घेतील, बहुतेक सगळे आजकाल आपोआप घेतात.

सुरुबन

लावलं! फायबर उपटून बघितलं, थोड्या वेळात ब्राउझर ४जीवर सुरू, बायकोचा वर्गही थोडा थांबून आपोआप परत जोडला गेला, एकही मूल बाहेर पडलं नाही. पण वायरगार्ड अडकतंय. बाकी सगळं ४जीवर चालतं, ऑफिसचं तेवढं मेलेलं राहतं, लॅपटॉपवर बंद करून चालू केलं तरी कधी येतं कधी नाही. आणि आलं तरी मोठ्या फाइल्स आणि काही पानं अर्धवट लोड होऊन थांबतात.

पॅकेटवाला

दोन वेगळी कारणं आहेत.

पहिलं कनेक्शन ट्रॅकिंगचं. राउटर प्रत्येक चालू संवादाची नोंद ठेवतो, कुठल्या लाइनवरून चाललाय ती. वायरगार्ड यूडीपी या पद्धतीवर चालतं आणि जोडणी जिवंत ठेवायचं कीपअलाइव्ह चालू असेल तर दर २५ सेकंदांनी एक पॅकेट पाठवत राहतं, त्यामुळे ती जुनी नोंद मुदत संपून पुसलीच जात नाही आणि राउटर पॅकेटं मेलेल्या फायबरच्याच नावावर ढकलत राहतो. एमवॅन३ मध्ये दोन्ही इंटरफेसच्या सेटिंगमध्ये कॉनट्रॅक फ्लश करायचा, म्हणजे या नोंदी पुसायचा, पर्याय आहे, त्यात लाइन जोडली आणि तुटली अशा दोन्ही घटना निवडा. इंटरनेट कॉलिंगचा सिप फोन असेल त्यांनाही हेच लागतं.

दुसरं एमटीयूचं, म्हणजे पॅकेटच्या कमाल आकाराचं. वायरगार्ड नेहमी १४२० धरतं, तुमच्या ४जी लाइनवर तेवढं मोठं पॅकेट मावत नसावं. लॅपटॉपवर वायरगार्डच्या कॉन्फिगमध्ये एमटीयू १३८० करा, तरी अडलं तर १२८० करून बघा, आणि राउटरच्या फायरवॉलमध्ये दोन्ही वॅनना एमएसएस क्लॅम्पिंगवर (पॅकेटं लाइनीत मावतील एवढीच ठेवायची सोय) टिक आहे ना ते तपासा. आधी एमटीयू बदला, मग फायबर उपटून एक मोठी फाइल ओढून बघा आणि काय होतं ते इथे टाका.

सुरुबन

कॉनट्रॅक फ्लश लावल्यावर बोगदा आपोआप परत येतोय. १३८० वर मोठी फाइल ४जीवरून पूर्ण उतरली, पानंही पूर्ण उघडतायत. क्लॅम्पिंग ४जीच्या वॅनवर नव्हतं, ते लावलं. आता मिनी यूपीएस बघतोय, माझ्या ४जी राउटरच्या लेबलवर १२ व्होल्ट १ अँपिअर आहे आणि ओएनटीवर १२ व्होल्ट १.५ अँपिअर, दोन्ही एकाच मिनी यूपीएसवर चालतील का?

पॅकेटवाला

दोघांचे मिळून अडीच अँपिअर होतात आणि मधला ओपनडब्ल्यूआरटीवाला राउटर राहिला, त्याचंही लेबल बघा. ३ अँपिअरच्या मिनी यूपीएसवर तिन्ही बसवू नका. ओएनटी आणि मधला राउटर एकावर, ४जीवाला माळ्यावर वेगळ्या यूपीएसवर ठेवा, म्हणजे एक बॅटरी खराब झाली तर फार तर एक लाइन जाईल, दोन्ही नाही. मधला राउटर बंद पडला तर थेट ४जीच्या वायफायला जोडता यावं म्हणून त्याचं वायफाय चालू राहू द्या आणि पासवर्ड बायकोच्या लॅपटॉपमध्ये आत्ताच सेव्ह करून ठेवा.